चारही खांब आले पाहिजेत

त्याचं खरं नाव कागदपत्रांत आहे आणि तिथंच ते सुखाने नांदतंय. बाकी सगळे त्याला शंकोबा म्हणतात. हे नाव त्याच्या जोडीदाराने ठेवलं, वीस वर्षांपूर्वी, दोघांनी मिळून लग्नाचे फोटो काढायचं काम सुरू केलं तेव्हा. कुलूप लावल्यावर ते ओढून बघणारी माणसं पुष्कळ असतात. शंकोबा कुलूप ओढून बघतो, जिना उतरतो, मग आपण ओढून बघितलं होतं ना, या शंकेने परत वर येतो आणि पुन्हा ओढतो. कामावर जाताना चार बॅटऱ्या नेतो आणि चारही भरलेल्या आहेत का हे गाडीत बसल्यावर विचारतो. विचारतो स्वतःलाच, आणि मिळालेल्या उत्तरावर त्याचा विश्वास नसतो.

फोटो मात्र तो फार चांगले काढतो. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे त्याची जी थट्टा होणार आहे ती वाचून कुणाला वाटेल की हा गडी कामाचा नाही. मोठ्या सेन्सरचा फुलफ्रेम कॅमेरा आणि त्यावर पंच्याऐंशीची प्राइम लेन्स, एवढ्यावर त्याने वीस वर्षं काढली. प्राइम म्हणजे जिचा आवाका कायमचा ठरलेला. कडं फिरवून लांबचं जवळ आणता येत नाही. जवळचं हवं तर आपल्या पायांनी जवळ जायचं, जास्त मावायला हवं तर आपल्या पायांनी मागे सरायचं. लेन्सचा आकडा जेवढा मोठा, तेवढं लांब उभं राहून भागतं. पंच्याऐंशी लावून शंकोबा दहा-बारा पावलांवर खांबाआड उभा राहायचा आणि तिथून नवरीच्या डोळ्यातलं पाणी टिपायचा. गर्दीत घुसणं, लोकांना हसवणं, खांदे धरून वळवणं हा सगळा प्रांत जोडीदाराचा. 'तुम्ही होता हे आम्हाला कळलंसुद्धा नाही,' असं लोक शंकोबाला सांगायचे आणि त्याला ते सगळ्यात मोठं कौतुक वाटायचं.

अशा माणसाला वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी लांबची लेन्स सोडून जवळची लेन्स घ्यायची वेळ आली, ती वडिलांमुळे.

वडील सुतार. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, शंकोबाबरोबर जुन्या घरातच, मागच्या खोलीत राहायचे. आवाज असा की रंधा चालू असतानाही शेजारच्या गल्लीत ऐकू जावा. आता छाती बिघडल्यापासून तो आवाज बसला होता, पण सदऱ्याच्या खिशातली मोजायची टेप सुटली नव्हती. हृदयाची एक झडप खराब झाली होती. गुरुवारी ऑपरेशन, बुधवारी अकरा वाजता दवाखान्याची गाडी येणार, असं ठरलं होतं. या वयात मी काही छातीठोक सांगू शकत नाही, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या.

शनिवारी सकाळी म्हाताऱ्याने त्याला बोलावलं आणि माझा एक फोटो काढ म्हणून सांगितलं. शंकोबाने लगेच कॅमेरा आणला, दारात उभा राहिला आणि त्याच्या त्या पंच्याऐंशीतून चेहरा टिपला. सुरेख आला होता. गालावरची प्रत्येक सुरकुती, भुवईतला पांढरा केस, सगळं. म्हाताऱ्याने कॅमेऱ्याच्या पडद्यावर तो बघितला आणि परत दिला.

"नुसतं तोंड काय करायचंय? तोंड काही मी बनवलेलं नाही. पलंग मी बनवलाय."

तो पलंग म्हाताऱ्याच्या हातचा पहिला. स्वतःच्या लग्नासाठी केलेला, चार कोपऱ्यांना चार खांब आणि खांबांवर हाताने घासून गोल केलेली बोंडं. शंकोबाची आई त्यावर अठ्ठेचाळीस वर्षं झोपली आणि तीन वर्षांपूर्वी त्यावरच गेली. म्हाताऱ्याची अट एकच होती. मी पलंगावर बसलेला आणि पलंग अख्खा. चारही खांब आले पाहिजेत. तीन खांबांचा पलंग सुतार लावत नाही, असं म्हणून त्याने डोळे मिटले आणि विषय संपवला.

इथंच घोडं अडलं. पलंग सहा फूट तीन इंच लांब आणि त्याच्यासमोर भिंतीत बसवलेलं कपाट. पंच्याऐंशीतून अख्खा पलंग घ्यायचा तर भिंत फोडून शेजाऱ्यांच्या स्वयंपाकघरात उभं राहावं लागलं असतं. जोडीदाराकडे जवळच्या लेन्स होत्या, पण त्याचा कॅमेरा दुसऱ्या कंपनीचा, त्याच्या लेन्स याला लागत नाहीत. शिवाय तो आठवडाभरासाठी परगावी कामाला गेलेला. बायको म्हणाली, अहो, माझ्या फोनवर काढा की, त्यात सगळं मावतं. काढला. मावलंही. पण कडेचे खांब बाहेरच्या बाजूला कलले आणि म्हाताऱ्याचे पाय डोक्यापेक्षा मोठे दिसायला लागले. म्हाताऱ्याने एक डोळा बारीक करून, फळीचा बाक बघावा तसा तो फोटो बघितला आणि सांगितलं की हा पलंग माझा नाही, मी काटकोनात काम करतो.

म्हणजे नवी लेन्स घ्यायची. फार रुंद नको, नाहीतर खांब वाकतात. फार अरुंद नको, नाहीतर खांब बाहेर राहतात. पस्तीस घ्यावी की पन्नास? की मधली चाळीस? की खरं तर अठ्ठावीसच लागेल? दुसरा कुणी असता तर त्याने दुकानात जाऊन घेतली असती आणि रविवारी दुपारी फोटो काढून मोकळा झाला असता. शंकोबा रविवारी सकाळी वही घेऊन संगणकापुढे बसला.

दुपारपर्यंत त्याने लेन्सबद्दल लोकांनी लिहिलेलं इतकं वाचलं की घेण्याजोगी एकही लेन्स जगात उरली नाही. एक म्हणे पस्तीस अगदी लख्ख आहे. दुसरा म्हणे लख्ख आहे, पण कोपऱ्यात मऊ, म्हणजे पुसट पडते. तिसऱ्याने कोपऱ्यांचे फोटो मोठे करकरून दाखवले होते. चौथ्याला कोपरे पसंत होते, पण मागच्या धूसर दिव्यांत कांद्याच्या चकत्या दिसतात म्हणून तो दुःखी होता. शंकोबाने वहीत दोन रकाने आखले, मग चार, मग ते पान फाडलं. बायको औषधांच्या दुकानात गल्ल्यामागे उभी राहणारी, दिवसभर घाईची माणसं बघणारी बाई. तिने मागून येऊन वहीत डोकावलं आणि विचारलं की बाबांना पलंग दाखवायचाय की कोपरे. शंकोबा म्हणाला, पलंगाचे खांब कोपऱ्यातच तर आहेत. नवऱ्याच्या शंकेत तथ्य निघालं की तिला जास्तच राग यायचा.

पण ही सगळी वरवरची भीती. शंकोबाच्या आत दुसरी होती, आणि ती जुनी होती.

तो नऊ वर्षांचा असताना वडिलांनी त्याला पहिल्यांदा करवत हातात दिली होती. फळीवर पेन्सिलीने रेघ मारून दिली आणि म्हणाले, काप. पोराने रेघेच्या चुकीच्या बाजूने कापलं. फळी बोटभर आखूड झाली. चांगल्या सागाची, गिऱ्हाइकाच्या दाराची फळी. मग तो रंध्याला न जुमानणारा आवाज सुटला. लाकूड वाढत नाही, कापलं की कापलं, दहादा मोजावं आणि एकदा कापावं, तुला मी किती वेळा सांगितलं! पोरगं घरात पळालं आणि आईवडिलांच्या खोलीतल्या, पलंगासमोरच्या त्याच कपाटात शिरून बसलं. खाली सगळं मोकळं, वर लटकवलेले कपडे. दाराखालच्या फटीतून त्याला वडिलांचे पाय दिसले. ते येऊन थांबले. बराच वेळ थांबले. आता दार उघडतील, आता मारतील, नाहीतर आता ये म्हणतील, असं पोराला वाटत राहिलं. मग पाय निघून गेले. पुढे तासाभराने आईने बाहेर काढलं.

मारलं नव्हतं, हे खरं. पण काही बोललेही नव्हते, त्या दिवशीही आणि नंतरही. त्यानंतर करवत पुन्हा हातात दिली नाही. शंकोबा पुढेही त्या कपाटात जाऊन बसायचा, अगदी तेराव्या वर्षापर्यंत, आवाज चढला की. माणूस जवळ आला की काय होतं हे सांगता येत नाही, लांबून बघावं हे बरं, अशी त्याची समजूत तिथं पक्की झाली. पुढं त्याच्या हातात पंच्याऐंशी आली तेव्हा त्या समजुतीला धंदाच मिळाला. आणि आता छत्तीस-सदतीस वर्षांनी बापाने पुन्हा मापाचं काम दिलं होतं. मध्ये दिवस उरले होते तीन. हे पुन्हा बोटभर आखूड झालं तर दुसरी फळी मिळणार नव्हती.

सोमवारी सकाळी म्हातारा झोपलेला बघून शंकोबाने त्याच्याच खिशातली टेप हळूच काढली आणि खोली मोजली. पलंगाच्या कडेपासून समोरच्या कपाटाच्या दारापर्यंत बरोबर सात फूट. पुन्हा मोजली. सात फूट. दहादा मोजली असं मी म्हणणार नाही, पण सहादा तरी मोजली. मग हिशेब मांडला. सात फुटांवरून पन्नासची लेन्स पाच फूट रुंद पाहते. पलंग मावत नाही. पस्तीसची लेन्स सात फूट रुंद पाहते. पलंग सहा फूट तीन इंच. दोन्हीकडे चार-साडेचार इंच शिल्लक. अठ्ठावीसमध्ये ऐसपैस बसतं, पण कडा ताणल्या जातात आणि म्हातारा पुन्हा काटकोन काढणार. शंकोबाने पस्तीसच्या आकड्याभोवती गोल केला. टेप परत खिशात ठेवताना म्हाताऱ्याची पापणी हलल्यासारखी वाटली. तो चोरपावलांनी बाहेर आला.

कॅमेऱ्याचं दुकान एक बाई चालवायच्या. पन्नाशीच्या, चष्मा कपाळावर आणि बोलणं मोजकं. त्यांनी आयुष्यभर असे शंकोबा बघितले होते, त्यामुळे त्या कुणावर वैतागत नसत. खुर्चीवर बसून वाट बघत. त्याने सगळी हकीकत सांगितल्यावर त्या उठल्या, कपाटातून पस्तीसची आणि पन्नासची अशा दोन लेन्स काढल्या आणि म्हणाल्या की वाचून काय कळणार, लावून बघा. त्यांच्या दुकानातलं काचेचं टेबल जवळजवळ पलंगाएवढंच लांब होतं. शंकोबाने सहा फूट तीन इंचांवर दोन्हीकडे चिकटपट्टीचे तुकडे लावले, टेबलाच्या कडेपासून सात फूट मोजले, जमिनीवर खडूने रेघ मारली आणि बरोबर त्या रेघेवर कॅमेरा धरून उभा राहिला. पस्तीसमधून दोन्ही चिकटपट्ट्या दिसल्या, वर थोडी जागाही उरली. हिशेब जुळला होता.

बाईंनी एकच विचारलं, खोलीत तुम्ही कुठं उभे राहणार? शंकोबा म्हणाला, इथंच की, सात फुटांवर. बाईंनी मान डोलावली. त्यांना खोली दिसत नव्हती आणि त्याला दिसत असूनही दिसत नव्हती.

एवढं होऊनही तो सोमवारी लेन्स न घेताच परत आला. घरी येऊन पुन्हा वाचायला बसला. मंगळवारी सकाळी पुन्हा दुकानात गेला, पुन्हा खडूच्या रेघेवर उभा राहिला. दुकानातल्या तीन पस्तीसांपैकी सगळ्यात लख्ख कुठली म्हणून तिन्ही लावून पाहिल्या आणि पहिल्यापाशीच परत आला. जवळजवळ दुपार झाली. शेवटी त्याच्या फोनवर बायकोचा निरोप आला. बाबा विचारतायत, फोटो कधी? त्याने लेन्स घेतली. ती घेऊन घरी येताना तो गाडीत अर्ध्या वाटेपर्यंत डबा मांडीवर धरून बसला होता आणि पस्तीसच ना, पस्तीसच ना, म्हणून त्याने तो दोनदा उघडून बघितला.

मंगळवारी संध्याकाळी म्हाताऱ्याला धाप लागली होती, म्हणून फोटो बुधवारवर गेला. बुधवारी गाडी अकराला येणार होती. साडेनऊला खिडकीतून चांगला उजेड आला. बायकोने सासऱ्यांना नवा सदरा घातला, पाठीशी दोन उशा दिल्या. म्हातारा पलंगाच्या मधोमध बसला, हात मांडीवर. टेप खिशात होतीच. तिचा फुगवटा सदऱ्यावर दिसत होता आणि तो काढायला त्याने साफ नकार दिला.

शंकोबा कपाटाला पाठ टेकून उभा राहिला आणि त्याने कॅमेरा डोळ्याला लावला.

उशाकडचे दोन्ही खांब दिसत होते. पायथ्याकडे बघितलं तर पुढचा खांब नव्हता. तो थोडा वळला, तर पायथ्याचा खांब आला आणि उशाकडचा गेला. त्याने पाठ आणखी टेकली, टाचा दाराला भिडवल्या, डोकं मागे दाबलं. चार बोटं कमी पडत होती. खाली बसून पाहिलं. चार बोटं. कॅमेरा डोळ्यावरून काढून पुन्हा लावला, जणू तेवढ्यात खोली वाढणार होती. सात फूट, त्याने मोजले होते, सहादा मोजले होते, दुकानात दोन दिवस रेघेवर उभं राहून बघितलं होतं. दुकान अर्ध्या तासाच्या अंतरावर, उघडणार साडेदहाला, गाडी अकराला. पुन्हा आखूड, पुन्हा आखूड, एवढंच त्याच्या डोक्यात घुमत होतं. आणि समोर सात फुटांवर तोच माणूस बसून त्याच्याकडे बघत होता, आणि मध्ये लपायला एक खांबही नव्हता.

"काय झालं?" म्हाताऱ्याने विचारलं.

शंकोबाने खाली बघत सांगितलं की एक खांब येत नाही. माप चुकलं. कसं चुकलं कळत नाही, मी नीट मोजलं होतं. बायको दारात उभी होती. तिने पदर सारखा करायच्या निमित्ताने तोंड फिरवलं. आता तो आवाज सुटणार, बसलेला असला तरी सुटणार, म्हणून शंकोबाचे खांदे आपोआप वर आले.

म्हाताऱ्याने खिशातली टेप काढली. ती उघडली नाही, नुसती हातात खेळवली.

"सोमवारी मी जागा होतो," तो म्हणाला. "तू पलंगापासून कपाटापर्यंत मोजलंस. सात फूट. माप बरोबर आहे. पण तू स्वतःला धरलंच नाहीस त्यात. कॅमेरा काय हवेत राहतो? त्याच्या मागे माणूस उभा राहतो. त्याला फूट-सव्वाफूट लागतं."

इतकी साधी गोष्ट. दुकानात त्याच्या पाठीमागे मोकळं दुकान होतं, तिथं त्याच्या देहाला जागा होती. घरात त्याची पाठ कपाटाला लागत होती. वीस वर्षं लोकांनी 'तुम्ही होता हे कळलं नाही' म्हणून सांगितलं, ते त्याने इतकं मनावर घेतलं होतं की मोजतानाही तो स्वतःला विसरला. तेव्हाच का नाही सांगितलं, असं त्याने विचारलं.

"झोपलेल्या माणसाची टेप चोरतोस आणि वर विचारतोस? मला वाटलं तुझ्या लक्षात येईल." म्हातारा दम खायला थांबला. "कपाट उघड. दोन फूट खोल आहे ते. मीच केलंय. लटकवलेले कपडे बाहेर काढा आणि तू आत बस."

काखेत कळसा आणि गावाला वळसा, असं बायको पुटपुटली, पण तिचे हात कामाला लागले होते. कपाटात अजून सासूबाईंचे कपडे लटकत होते. तीन वर्षांत कुणी ते हलवले नव्हते. दोघांनी ते हातांवर घेतले आणि शेजारच्या खोलीत नेऊन ठेवले. परत आल्यावर शंकोबाने कपाटाची दोन्ही दारं पार मागे भिंतीपर्यंत लोटली आणि सेहेचाळीस वर्षांचा तो माणूस पाठीने आत शिरला. मान वाकवावी लागली. गुडघे हनुवटीपाशी आले. लाकडाचा वास तोच होता.

त्याने कॅमेरा लावला. एक खांब, दोन, तीन, चार. दोन्ही बाजूंना वीतभर जागा. डोळे बरोबर पलंगाच्या उंचीला आले होते आणि म्हातारा त्या चौकटीत पलंगाचा धनी बसावा तसा बसला होता. कोपरे मऊ आहेत का हे बघायचंही त्याला सुचलं नाही. तरी बोट खटका दाबेना.

"भोकं आहेत का अजून?" म्हाताऱ्याने विचारलं.

कुठली भोकं ते शंकोबाला ठाऊक होतं. उजव्या दाराला खालच्या बाजूला, अंगठा जाईल एवढी दोन भोकं शेजारी शेजारी. त्यांतूनच तो लहानपणी बाहेर बघायचा. आई उशांचे अभ्रे बदलताना, वडील पलंगाच्या कडेला बसून बोटातली कुसळं काढताना. ती भोकं कपड्यांना हवा लागावी म्हणून असतील, असं त्याने धरून टाकलं होतं. एवढी शंका घेणाऱ्या माणसाला त्या एका गोष्टीबद्दल कधी शंका आली नाही. आहेत म्हणून त्याने सांगितलं.

"ती फळी कापलीस त्याच्या दुसऱ्या दिवशी पाडली मी. तू परत तिथंच जाऊन बसणार, मला ठाऊक होतं. आत गुदमरला असतास." म्हाताऱ्याने श्वास घेतला. "त्या दिवशी दारापाशी येऊन उभा राहिलो होतो. पण हळू कसं बोलवायचं ते मला येत नव्हतं. आणि ओरडून बोलवलं असतं तर तू आणखी आत गेला असतास. मग भोकं पाडली."

पस्तीसच्या लेन्सचा एक गुण त्या वाचलेल्या पानांपैकी एकावरही नव्हता. तिच्यातून समोरच्या माणसाची नजर चुकवता येत नाही. शंकोबाला ती चुकवता आली नाही. चौकटीतले चारही खांब त्याच्या डोळ्यांपुढे विरघळले. नेम धरायचं काम यंत्राने केलं आणि बोटाने त्याचं काम केलं. एक, दोन, तीन खटके झाले.

"आलं का सगळं?"

"आलं."

"चारही?"

"चारही, बाबा."

गल्लीत गाडी वळल्याचा आवाज आला. अजून अकरा व्हायचे होते; ती वेळेच्या आधी आली होती. बायको पिशव्या बघायला बाहेर गेली. शंकोबा कपाटात तसाच बसून होता, कॅमेरा गुडघ्यावर धरून. उद्या काय होईल, परवा हा पलंग कुणाचा असेल, या विचाराने त्याला उठता येत नव्हतं.

म्हाताऱ्याने टेप खिशात टाकली आणि पलंगावर आपल्या शेजारची जागा हाताने थोपटली.

"ये आता बाहेर," तो म्हणाला. अगदी हळू म्हणाला.

शंकोबा बाहेर आला. कॅमेरा तिथंच कपाटात राहिला. तो जाऊन बापाशेजारी पलंगावर बसला, खांद्याला खांदा लावून, मध्ये बोटभरही जागा न ठेवता. दवाखान्याची माणसं दारात येईपर्यंत दोघं तसेच बसले होते. फोटो नीट आलाय का, हे त्याने त्या दिवशी बघितलंच नाही.